अंगातला मंद उजेड आणि त्याचं रोजचं चक्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणसाचं शरीर उजेड देतं आणि तो उजेड दिवसभरात कमी-जास्त होतो, ही बातमी दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरते. बातमीचा गाभा खरा आहे. पण तिच्या मागोमाग ‘तेज वाढवायचे उपाय’ आणि ‘अंगाच्या उजेडावरून आजार ओळखा’ असलंही बरंच काही येतं, आणि त्यात लोकांचे पैसे जातात. मी यवतमाळ जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गात, पारावर आणि बचत गटाच्या बैठकीत या विषयावर जे प्रश्न आले ते इथं एकत्र केले आहेत. ज्यानं जसं विचारलं तसंच बरेचदा ठेवलं आहे.

माणसाच्या अंगातून खरंच उजेड निघते का?

हो, निघतो. तुमच्या, माझ्या, गोठ्यातल्या बैलाच्या, धुऱ्यावरच्या बाभळीच्या, अगदी नुकत्या उगवलेल्या हरभऱ्याच्या कोंबातूनही. जिवंत पेशी प्राणवायू वापरते तिथं थोडे प्रकाशकण (फोटॉन) बाहेर पडतातच. माणसाच्या कातडीच्या एका चौरस सेंटिमीटरातून दर सेकंदाला अगदी मोजके ते काहीशे प्रकाशकण निघतात. हा मुख्यतः हिरव्यापासून तांबड्यापर्यंतच्या पट्ट्यातला प्रकाश आहे, म्हणजे आपल्या डोळ्याला ओळखीचाच. त्यात गूढ शक्ती वगैरे काही नाही. बल्बातून येतो त्याच जातीचा प्रकाश, फक्त अतिशय थोडा.

मग आमाले दिसत काऊन नाही?

कारण तो डोळ्याच्या ताकदीपेक्षा सुमारे हजारपट मंद आहे. आणि आपला डोळा काही कमजोर नाही. अंधारात अर्धा तास बसलं की डोळ्याच्या पडद्यावरच्या दंडपेशी पूर्ण तयार होतात. १९४२ साली अमेरिकेत हेक्ट, श्लेर आणि पिरेन या तिघांनी मोजून दाखवलं, की दंडपेशींनी पाच ते चौदाच्या आसपास प्रकाशकण शोषले तरी माणसाला चमक जाणवते. एवढी नाजूक व्यवस्था असूनही अंगाचा उजेड तिच्या हाती लागत नाही, कारण तो सगळ्या अंगभर विखुरलेला असतो, चारी दिशांना जातो आणि त्यातला फारच थोडा भाग डोळ्याच्या बाहुलीतून आत शिरतो.

वर्गात मुलांकडून मी याचा हिशेब करून घेतो. मोठ्या माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ साधारण १.७ चौरस मीटर, म्हणजे १७,००० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरामागे सेकंदाला १०० प्रकाशकण धरले तर अख्ख्या अंगातून सेकंदाला १७ लाख. आकडा मोठा वाटतो. पण देवघरात लावतो तो एक वॅटचा एलईडी दिवा सेकंदाला अंदाजे एकावर अठरा शून्यं इतके प्रकाशकण देतो. भागाकार केला की उत्तर येतं, असा एक दिवा भरून निघायला सुमारे ६० हजार कोटी माणसं लागतील. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या थोडी वर आहे. हिशेब ढोबळ आहे, पण हा भागाकार एकदा स्वतः केला की ‘मला अमक्याच्या अंगाभोवती उजेड दिसतो’ हे ऐकल्यावर काय समजायचं ते मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

अंधाऱ्या खोलीत डोळे उघडे ठेवून बसलं तर करडे ठिपके, ढगासारखं काहीतरी हलताना दिसतं. ते बाहेरून आलेलं नसतं. डोळ्यातल्या पेशी प्रकाश नसतानाही अधूनमधून आपोआप संदेश पाठवतात, त्याचा तो परिणाम आहे.

अंग गरम असते, म्हणून हा उजेड निघते का?

नाही. गरम अंगातून बाहेर पडतो तो अवरक्त प्रकाश. त्याची तरंगलांबी साधारण ९ ते १० मायक्रोमीटर, डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या दहा-वीसपट. ताप मोजायची ‘बंदूक’ कपाळासमोर धरतात तेव्हा ती तोच टिपते. लोखंड तापून लाल व्हायला शेकडो अंश लागतात. ३७ अंशांच्या अंगातून निव्वळ उष्णतेमुळं दिसणारा प्रकाश निघणं जवळपास अशक्य. आपण बोलतोय तो उजेड रासायनिक क्रियेतून येतो.

मग येते कुठून?

खाल्लेलं अन्न पेशी प्राणवायूच्या मदतीनं जाळतात आणि त्यातून ऊर्जा मिळते. हे जळणं फार शिस्तीत, पायरीपायरीनं होतं. तरी त्यात प्राणवायूचे काही अति-क्रियाशील रेणू सुटतात. ते पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांवर, प्रथिनांवर जाऊन आदळतात. त्या रासायनिक झटापटीत काही रेणू ‘उत्तेजित’ होतात, म्हणजे त्यांच्यातली ऊर्जा क्षणभर वाढते. तिथून ते मूळ स्थितीला येताना जास्तीची ऊर्जा बहुतेक वेळा उष्णता म्हणून सोडतात आणि क्वचित एखादा प्रकाशकण म्हणून. तो क्वचित निघणारा प्रकाशकण म्हणजे आपला उजेड.

चुलीवर भाकर होते तेव्हा धूर निघतो, पण धुरासाठी कुणी चूल पेटवत नाही. शरीराच्या दृष्टीनं हा उजेड तसाच आहे. कामाच्या ओघात निघालेला. तो शरीराला लागतो म्हणून तयार होतो, असा पुरावा नाही. मात्र धुरावरून चुलीत काय चाललंय याचा अंदाज येतो, तसा या उजेडावरून पेशीत जळण किती चाललंय याचा माग लागू शकतो. शास्त्रज्ञांना त्याचं मोल आहे ते यासाठी.

तो दिवसात कमी-जास्त होतो, हे कोणी आणि कसं शोधलं?

जपानमध्ये. मासाकी कोबायाशी आणि दाइसुके किकुची हे सेंदाई शहरातल्या तोहोकू तंत्रज्ञान संस्थेचे, आणि शरीरातल्या घड्याळाचे अभ्यासक हितोशी ओकामुरा क्योतो विद्यापीठाचे. त्यांचा निबंध जुलै २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

प्रयोगाची मांडणी बघण्यासारखी आहे. विशीतले पाच निरोगी तरुण घेतले. ते रात्री बाराला झोपायचे, सकाळी सातला उठायचे. सकाळी १०, दुपारी १, दुपारी ४, संध्याकाळी ७ आणि रात्री १० अशा पाच वेळा त्यांना उघड्या अंगानं पूर्ण अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसवायचे. एकेक छायाचित्र घ्यायला २० मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ हलायचं नाही. असं तीन दिवस. कॅमेऱ्याचा संवेदक उणे १२० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेला होता, कारण साध्या तापमानाला संवेदकातच इतके खोटे संकेत उमटतात की अंगाचा उजेड त्यात हरवून जाईल. शिवाय प्रत्येक वेळी थुंकीचा नमुना घेऊन त्यातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक मोजलं, आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यानंही चित्रं घेतली.

निष्कर्ष असे निघाले. सकाळी १० ला उजेड सगळ्यात कमी. तिथून वाढत वाढत दुपारी ४ ला सगळ्यात जास्त. मग रात्रीकडे उतरत गेला. चेहरा छाती-पोटापेक्षा जास्त उजळ होता. आणि उष्णतेचं चित्र व उजेडाचं चित्र जुळलं नाही. अंगाचा जो भाग जास्त गरम, तोच जास्त उजळ असं दिसलं नाही. हा उजेड उष्णतेचा नाही, याचा हा थेट पुरावा.

पाच माणसं ही संख्या लहान आहे, सगळे एकाच वयाचे पुरुष होते, आणि चक्राच्या या मोजण्या सकाळी १० ते रात्री १० या वेळातल्या आहेत. बातमीत यातलं काही नसतं. प्रयोग चांगला आहे म्हणूनच त्याच्या मर्यादेसकट सांगायला हवा.

दुपारी चारलाच का? आपल्याकडं तर चारला ऊन मी म्हणत असते.

आमच्याकडच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. मे महिन्यात दुपारी चारला यवतमाळ-चंद्रपूरकडं रस्त्यावर चिटपाखरू नसतं. पण त्या तरुणांचा उजेड उन्हामुळं वाढला नव्हता. प्रयोग प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत झाला. उलट उन्हाचा प्रभाव मोजणीत येऊ नये म्हणून अशा कामात फार काळजी घ्यावी लागते. उन्हातून आलेली कातडी नंतर काही वेळ शोषलेला प्रकाश हळूहळू परत सोडत राहते. त्यामुळं आधी अंधारात बसवल्याशिवाय मोजलेला आकडा फसवा ठरतो. पांढऱ्या कपड्यातही धुण्याच्या पावडरीतली चमक असते, म्हणून अंग उघडं.

चारच्या शिखराचं कारण शरीराच्या आत आहे. पेशी किती ऊर्जा जाळतात, किती क्रियाशील प्राणवायू सुटतो, त्याला आवरणारी व्यवस्था किती जोरात चालते, हे सगळं दिवसभर बदलत असतं. कॉर्टिसॉल उठल्यावर सर्वाधिक असतं आणि दिवसभर उतरत जातं. या प्रयोगात उजेड आणि कॉर्टिसॉल यांचा संबंध उलटा दिसला, एक जास्त तेव्हा दुसरा कमी. म्हणजे दोघांच्याही मागं शरीरातलं घड्याळ आहे, असा अर्थ संशोधकांनी लावला.

शरीरातलं घड्याळ म्हणजे नेमकं काय?

सवयीशी त्याचा काही संबंध नाही. ते खरोखर पेशींत चालतं. दोन डोळ्यांच्या मागं, मेंदूच्या तळाशी सुमारे २०,००० चेतापेशींचा एक छोटा पुंजका आहे. तो मुख्य. डोळ्यात पडलेल्या उजेडावरून तो रोज वेळ जुळवून घेतो आणि सगळ्या शरीराला कळवतो. पण यकृत, हृदय, कातडी यांच्या पेशींतही आपापली घड्याळं चालतात. त्यांची यंत्रणा जनुकांची आहे. एक जनुक प्रथिन तयार करतं, ते प्रथिन साचलं की त्याच जनुकाला थांबवतं, मग प्रथिन हळूहळू मोडून संपतं आणि जनुक पुन्हा सुरू होतं. या फेऱ्याला साधारण २४ तास लागतात. फळमाशीवर काम करून हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

वनस्पतींत तर हे आपण रोज बघतो. चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात, सकाळी उघडतात. शिकंदराबरोबर पूर्वेकडं आलेल्या अँड्रोस्थेनिस नावाच्या सरदारानं चिंचेच्या पानांची ही हालचाल दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी नोंदवून ठेवली. १७२९ मध्ये फ्रान्सच्या मेरान यांनी लाजाळूच्या जातीचं झाड अंधारात ठेवलं. ऊन नसतानाही पानं ठरल्या वेळी उघडमीट करत राहिली. घड्याळ बाहेर आकाशात नाही, झाडातच आहे, हे त्यावरून पहिल्यांदा दिसलं. शिरीषाच्या झाडाखाली उभं राहून मुलांना हे दाखवता येतं, त्याला कसलाच कॅमेरा लागत नाही.

आमी रात्रीच्या लाईनवर ओलीत करतो. आमचा उजेड उलटा होत असंल का?

मला आलेल्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जपानी प्रयोग रात्री झोपणाऱ्या तरुणांवर झाला, त्यामुळं त्यावरून तुमच्या उजेडाबद्दल बोलणं बरोबर नाही. पण ज्या घड्याळावर तो उजेड चालतो त्यावर रात्रपाळीचा काय परिणाम होतो, हे भरपूर अभ्यासलेलं आहे.

रब्बीत काय होतं ते डोळ्यासमोर आणा. लाईन रात्री येते. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर थ्री-फेज पाहिजे, म्हणून माणूस जेवून वावरात जातो. स्टार्टर दाबतो, मोटर पाणी ओढते का ते बघतो, स्प्रिंकलर फिरायला लागतात. काही तासांनी मोटर बंद करून ओल्या हरभऱ्यातून पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे, जोडायचे, कुठल्या नोझलात कचरा अडकला असेल तर बॅटरीच्या उजेडात काढायचा, परत मोटर सुरू. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली. मधल्या वेळात शेकोटीजवळ बसायचं आणि रानडुकराची चाहूल घ्यायची. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास डोळे आपोआप मिटायला लागतात. तो आळस नसतो. त्याच वेळी शरीराचं तापमान दिवसातलं सर्वांत कमी असतं आणि झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन रक्तात असतं. शरीर झोपलेलं असतं, फक्त माणूस उभा असतो. मग लाईन गेल्यावर लख्ख उन्हात घरी यायचं. ते ऊन डोळ्यात गेलं की मेंदूतला पुंजका सगळ्या शरीराला ‘दिवस झाला’ असं कळवतो आणि झोप नीट लागत नाही. पुढच्या आठवड्यात लाईन दिवसा, की परत सगळं फिरवायचं.

असं वर्षानुवर्षं केलं तर झोप, पचन, साखर, रक्तदाब सगळ्यांवर ताण येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं रात्रपाळीच्या कामाला २००७ मध्ये ‘कर्करोगाला बहुधा कारणीभूत’ या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये फेरतपासणी करून तिथंच ठेवलं. शेतकऱ्याला दिवसा वीज द्या ही मागणी आपण सोयीची म्हणून करतो. ती आरोग्याचीही आहे, आणि ती तशी ठासून मांडली पाहिजे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठीच आहे. आपल्या फीडरचं काम कुठपर्यंत आलं, हे ग्रामसभेत विचारा.

तोवर करता येण्याजोगं थोडं आहे. वावरात जायच्या आधी संध्याकाळी तास-दीड तास झोपून घ्या. पहाटेचा शेवटचा चहा टाळा. घरी आल्यावर झोपायच्या खोलीची खिडकी जाड कापडानं झाका, आणि घरच्यांनीही ती झोप रात्रीच्या झोपेइतकीच पाळावी. रात्री गमबूट आणि बॅटरी नसेल तर वावरात उतरू नका. मण्यार रात्रीच फिरतो आणि झोपेनं जड झालेल्या माणसाचा पाय कुठं पडेल याचा नेम नसतो. साप चावला तर सरळ ग्रामीण रुग्णालय. चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्र-गंडादोरा करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

ज्याच्या अंगातून जास्त उजेड निघतो त्याची तब्येत चांगली, असं आहे का?

नाही. आपल्या बोलण्यात ‘चेहऱ्यावर तेज आहे’ म्हणजे तब्येत चांगली, म्हणून असं वाटणं साहजिक आहे. पण हा उजेड पेशीतल्या जळणाचा आणि झिजेचा आहे. अतिनील किरणांनी भाजलेल्या कातडीतून तो वाढतो. कातडीवर ऑक्सिडीकरण, म्हणजे प्राणवायूशी होणारी रासायनिक क्रिया, रोखणारे पदार्थ लावले तर तो कमी होतो, हेही मोजलेलं आहे. म्हणजे ‘उजेड वाढवा’ असा सल्ला कुणी देत असेल तर त्याला विषयच कळलेला नाही.

याच अनुषंगानं एका बाईंनी विचारलं होतं, संत्री खाल्ली तर काय होईल? क जीवनसत्त्व मिळेल. आपल्याकडं स्वस्त आणि ताजी मिळतात तेव्हा लेकरांना भरपूर खाऊ घाला. उजेडाचा विचार करून खाऊ नका.

चेहरा जास्त उजळ का, यावर संशोधकांचा अंदाज होता की चेहऱ्यावर ऊन जास्त पडतं, तिथं कातडीला सावळा रंग देणारं मेलॅनिन जास्त असतं आणि त्यातले काही घटक प्रकाशतात. गोरेपणाचा आणि या उजेडाचा संबंध जोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

देवाच्या, संतांच्या फोटोत डोक्यामागं तेजोवलय असते. ते हेच का?

ते चित्रकारानं आदरानं काढलेलं असतं. पूज्य माणूस ओळखू यावा म्हणून जगातल्या कितीतरी परंपरांत असं काढतात. त्याला प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही, आणि हा उजेड तो दाखला देतही नाही. तो बैलाच्या अंगातूनही निघतो आणि बाभळीच्या पानातूनही. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. हातात खराटा घेऊन त्यांनी गावं झाडली आणि कीर्तनातून भोळ्या समजुतींवर सरळ प्रश्न विचारले. त्यांचं मोठेपण आपण त्या कामावरून मानतो.

जत्रेत एक जण मशीनवर हात ठेवायले लावते आणि अंगाभोवतीचे रंग दाखवते. ते खरं का?

त्या मशीनला अंगाचा उजेड दिसत नाही. उघड्या मंडपात, दिवे लावून, दोन मिनिटांत तो टिपणं शक्यच नाही. वरचा कॅमेरा, उणे १२० अंश आणि २० मिनिटांचा पूर्ण अंधार आठवा. हात ठेवायच्या पट्टीत तळहाताचा ओलेपणा आणि विजेला होणारा विरोध मोजतात, आणि संगणक त्या आकड्यांना ठरवून दिलेले रंग फोटोवर पसरवतो. हात घामेजला की रंग बदलतो.

दुसरा एक प्रकार किर्लियन छायाचित्रणाचा. रशियात सेमियॉन किर्लियन यांनी १९३९ मध्ये तो सुरू केला. त्यात बोटाखाली जास्त दाबाची वीज देतात, हवेत ठिणग्यांची कड उमटते आणि तिचा फोटो निघतो. नाणं ठेवलं तरी तशीच कड येते. नाण्याला आत्मा नसतो.

फोटो गंमत म्हणून काढला तर काढला. पण त्यावरून ‘तुमच्यावर कोणी केलंय’ असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर उठून या आणि गावातल्या चार लोकांना सांगा. चमत्काराचा देखावा करून पैसे उकळण्यावर वरचा २०१३ चा कायदा लागू होतो.

या उजेडावरून आजार ओळखता येतो का?

प्रयोगशाळांत त्या दिशेनं काम चालतं, विशेषतः कातडीवर होणारा ताण मोजण्यासाठी. दवाखान्यात निदानासाठी ही पद्धत वापरली जात नाही. आपल्याकडं गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. त्याची तपासणी रक्ताचीच. आधी विद्राव्यता चाचणी, त्यात संशय आला तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी. लग्नाआधी मुला-मुलीची ही तपासणी करून घेण्यात कसलाही कमीपणा नाही. तिच्याऐवजी उजेडाचा फोटो चालत नाही.

काजव्यासारखंच आहे का हे?

नाही. मृगाच्या आसपास मेळघाटात, नाल्याकाठच्या झाडांवर काजवे लुकलुकतात तो उजेड मुद्दाम तयार केलेला असतो. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन हा पदार्थ आणि ल्युसिफेरेज हे विकर असतं, आणि जोडीदाराला खूण करायला तो त्यांचा उपयोग करतो. माणसाजवळ अशी व्यवस्था नाही.

हिवाळ्यात स्वेटर काढताना अंधारात चटचट उजेड होते, तो?

ती घर्षणातून साठलेली स्थिर वीज. आपल्याकडची हिवाळ्याची हवा कोरडी, म्हणून जास्त जाणवते. अंगाच्या उजेडाशी संबंध नाही.

अमावस्येला किंवा पेंचसारख्या अंधाऱ्या जंगलात दिसंल का?

नाही. जानेवारी २०२४ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथं आकाशगंगा सुरेख दिसते, जरूर जा. पण नुसत्या चांदण्यांचा उजेडही अंगाच्या उजेडापेक्षा कितीतरी जास्त असतो. चंद्राच्या कलांचा या उजेडाशी काही संबंध नाही.

माणूस मेला की हा उजेड विझते का?

कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं. त्यांनी जिवंत उंदरांची आणि मग त्याच उंदरांची मृत्यूनंतरची छायाचित्रं घेतली. मेल्यानंतरही अंग ३७ अंशांवर गरम ठेवलं होतं, म्हणजे फरक पडला तर तो उष्णतेमुळं पडला असं कुणी म्हणू नये. उजेड खूप कमी झाला. त्याच कामात झाडाच्या पानाला चिरा पाडल्या तर चिरेजवळचा भाग जास्त उजळला, हेही दिसलं.

यावरून ‘आत्म्याचा फोटो मिळाला’ असं बरेच जण सांगत फिरले. त्या निबंधात तसं काही नाही. रक्त थांबलं की पेशींना प्राणवायू मिळत नाही. प्राणवायू नाही तर ते जळण नाही, आणि जळण नाही तर उजेडही नाही. ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे त्यांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा मी एवढंच सांगितलं आणि बाकी त्यांच्या श्रद्धेवर सोडलं.

हे सगळं अलीकडचंच आहे का?

सुरुवात शंभर वर्षांपूर्वी कांद्यापासून झाली. १९२३ मध्ये रशियात अलेक्झांडर गुरविच यांनी कांद्याच्या मुळांवर प्रयोग केले. एका मुळाचं टोक दुसऱ्याकडं रोखून ठेवलं तर दुसऱ्यातल्या पेशींची वाढ जोर धरते, आणि मध्ये एखादा मंद प्रकाश असावा, असं त्यांचं म्हणणं. अनेकांनी ते करून पाहिलं, बऱ्याच जणांना जमलं नाही आणि विषय बदनाम झाला. १९५०च्या दशकात एकेक प्रकाशकण मोजणारी उपकरणं आली. इटलीत कोली आणि फाकिनी यांनी अंकुरणाऱ्या बियांतून उजेड निघतो हे त्या उपकरणांनी दाखवलं. उजेड आहे, हे तेव्हा पक्कं झालं. पेशी या उजेडानं एकमेकींशी बोलतात, हा पुढं जर्मनीत फ्रिट्झ-आल्बर्ट पोप यांनी केलेला दावा मात्र सर्वमान्य झालेला नाही. बाजारातली बरीच ‘बायोफोटॉन’ (सजीवातून निघणारे प्रकाशकण) उत्पादनं त्या दाव्यावरच उभी आहेत.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात हे दाखवता येईल का?

उजेड नाही दाखवता येणार. मोबाइलचा कॅमेरा कितीही महाग असला तरी. पण त्याच्यामागचं दैनिक चक्र मोजता येतं, आणि त्याला फक्त एक डिजिटल थर्मामीटर आणि वही लागते.

जपानी प्रयोगाच्याच वेळा घ्या, सकाळी १०, दुपारी १ आणि ४, संध्याकाळी ७, रात्री १०. जमलं तर पहाटे उठल्या उठल्या एक नोंद जास्त. प्रत्येक वेळी अर्धा तास घरात सावलीत बसून मग थर्मामीटर जिभेखाली ठेवा. आधीची वीस मिनिटं चहा, पाणी, काहीच घ्यायचं नाही. माणूस तोच, थर्मामीटर तोच, सलग तीन दिवस. ताप असेल तर ते दिवस सोडून द्या. मुलींनी नोंदी शक्यतो महिन्याच्या एकाच टप्प्यात घ्याव्यात, कारण पाळीच्या चक्रातही तापमान थोडं वर-खाली होतं. घरातला कुणी रात्री ओलिताला जात असेल आणि त्याची तयारी असेल तर त्याच्या नोंदी वेगळ्या पानावर घ्या.

आलेखावर पहाटेचा आकडा खाली आणि संध्याकाळचा वर दिसेल, साधारण अर्धा ते एक अंश सेल्सिअसचा फरक. मोजलं ते तापमान, म्हणून तक्त्यावर तापमानच लिहा. शेजारी जपानी प्रयोगातल्या उजेडाच्या वेळा वेगळ्या रंगानं मांडल्या तर परीक्षक विचारतील, उजेडाचं शिखर चारला आणि तुमच्या तापमानाचं त्यानंतर, असं का? सांगा, की या दोन वेगळ्या क्रिया आहेत. घड्याळ दोघींनाही एकच वेळ कळवतं, पण तापमान शरीरात तयार होणारी आणि बाहेर जाणारी उष्णता यांच्या मेळावर ठरतं, आणि उजेड पेशींतल्या ऑक्सिडीकरणावर.